पाळीव कुत्र्याचे क्लोनिंग : पेशी-साठवण सेवेचा दोन वर्षांचा अनुभव

आमची ठमी चौदाव्या वर्षी गेली. त्याआधी तीन महिने आम्ही इथल्या, म्हणजे टेक्सासमधल्या, एका कंपनीकडे तिच्या पेशी साठवण्यासाठी नाव नोंदवले होते. या सेवेचे दोन टप्पे आहेत. आधी त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि पुढे मालकाची इच्छा असेल तर त्यांपासून क्लोन जन्माला घालतात. पहिल्या टप्प्यासाठी आम्ही १,६०० डॉलर भरले आणि साठवणुकीचे वर्षाला १५० डॉलर वेगळे. प्रत्यक्ष पिल्लासाठी ५०,००० डॉलर मोजावे लागतात.

पहिल्या टप्प्याच्या कामात नाव ठेवायला जागा नाही. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि गुलाबीसर द्रावाच्या दोन चिमुकल्या बाटल्या वेळेवर घरी आल्या. आमच्या पशुवैद्यांनी ठमीच्या पोटावरचे केस भादरून, तेवढीच जागा बधिर करून, हरभऱ्याच्या दाण्याएवढे कातडीचे दोन तुकडे काढले. संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे शेवटच्या पोळीसाठी ओट्यापाशी येऊन बसली. पुढे ती गेल्यावर कंपनीच्या बाईंनी फोनवर आमचे सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या टप्प्याचा विषयसुद्धा काढला नाही, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

तो विषय सहा महिन्यांनी मीच काढला. घर फार सुने झाले होते, आणि ज्याने असे जनावर पाळलेले नाही त्याला ही ओढ समजावून सांगता येत नाही.

क्लोन म्हणजे काही वर्षांनी जन्मलेले जुळे भावंड, असे कंपनी सांगते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही २००१ साली टेक्सासमध्येच जन्मलेल्या ‘सीसी’ या पहिल्या क्लोन मांजरीची गोष्ट प्रत्येक ग्राहकाला आधी सांगितली पाहिजे, असे मला वाटते. तिची मूळ मांजर तिरंगी होती, पण सीसीच्या अंगावर नारिंगी रंग उतरलाच नाही, कारण मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद पडलेले असते आणि नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावरच असते; सीसी ज्या पेशीपासून घडली तिच्यात नेमके नारिंगी रंगाचे गुणसूत्र बंद होते. ठमीचा उजवा कान लहानपणी भांडणात फाटला होता आणि कुकरची शिट्टी झाली की ती दाराशी जाऊन उभी राहायची. यातले काहीच त्या बाटलीत नव्हते. हे मला पटलेले होते, आणि तरीही पिल्लू हवेसे वाटत होते.

मी थांबले ती दुसऱ्या कारणाने. कुत्रीचे बीजांड अपक्व अवस्थेत बाहेर पडते आणि अंडवाहिनीत दोन-तीन दिवसांनी पक्व होते. प्रयोगशाळेत ते पक्व करणे फार अवघड असल्यामुळे माजावर आलेल्या कुत्रीचे पोट उघडूनच ती बीजांडे काढतात. मग त्यांतले केंद्रक काढून तिथे ठमीसारख्या कुत्रीची पेशी बसवतात आणि तयार झालेले भ्रूण पुन्हा शस्त्रक्रिया करून दुसऱ्या कुत्रीच्या पोटात ठेवतात. २००५ साली सोलच्या विद्यापीठात जगातला पहिला क्लोन कुत्रा, स्नपी, जन्मला तेव्हा १२३ कुत्र्यांच्या पोटात १,०९५ भ्रूण ठेवले होते. त्यांतून दोन पिल्ले जन्मली आणि एक बावीस दिवसांत न्यूमोनियाने गेले. तंत्र त्यानंतर पुष्कळ सुधारले आहे, हे खरे. पण म्हणूनच आजचा आकडा मला हवा होता.

मी कंपनीला लेखी विचारले की, आमच्या एका पिल्लासाठी किती कुत्र्यांची बीजांडे काढाल, किती जणींच्या पोटात भ्रूण ठेवाल, एकीवर किती वेळा शस्त्रक्रिया कराल आणि काम संपल्यावर त्या कुठे जातील. सगळ्या जनावरांची उत्तम काळजी घेतली जाते, एवढेच सौजन्यपूर्ण उत्तर आले. आकडा एकही नव्हता. दोनदा आठवण केली, तरी तेच. आपल्या कुत्रीच्या पोटावरचा एक टाका पाहून ज्यांचा जीव कळवळतो त्यांनाच ही सेवा विकली जाते, आणि ज्यांच्या पोटावर खरी शस्त्रक्रिया होते त्या कुत्र्यांविषयी त्याच ग्राहकाला काहीही कळू नये, हे मला अनैतिक वाटते.

क्लोनिंगला माझा सरसकट विरोध नाही. काळ्या पायांचा फेरेट हा अमेरिकेतला मुंगसासारखा दिसणारा दुर्मिळ प्राणी; त्याची आजची सगळी प्रजा अवघ्या सात जनावरांपासून वाढलेली आहे. १९८८ मध्ये गोठवलेल्या एका मादीच्या पेशींपासून २०२० साली एलिझाबेथ ॲन ही क्लोन फेरेट जन्मली, तेव्हा हरवत चाललेले वैविध्य त्या जातीला परत मिळण्याची वाट उघडली. हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ पासून जन्मलेल्या क्लोन रेड्यांमागे आणि म्हशींमागेही चांगल्या दुधाळ वंशाचा हेतू आहे. त्या प्रयोगांतही जनावरांना त्रास होतोच, परंतु तिथे दुसऱ्या पारड्यात ठेवायला काहीतरी असते. माझ्या पारड्यात माझे सुने घर होते.

पेशी-साठवणुकीच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. क्लोनिंगची शिफारस मात्र मी करणार नाही, निदान वरच्या चार प्रश्नांची आकड्यांसह उत्तरे मिळेपर्यंत. कोणी तरीही जाणार असेल, तर पैसे भरण्याआधी ती लेखी मागावीत.

तिसऱ्या वर्षाचे बिल आले तेव्हा आम्ही साठवण थांबवायला सांगितले. नमुना नष्ट होईल आणि तो परत मिळणार नाही, असा एक पानी फॉर्म आला. मुलीने तो दोनदा वाचला आणि माझ्या सहीखाली स्वतःचीही सही केली.