कोपऱ्यातलं टेबल, एका पावसाळ्यानंतर

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात हे टेबल घरी आलं, आता श्रावण चालू आहे. नऊ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात अभिप्राय लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. जानेवारीत लिहिला असता तर एकही दिला नसता. म्हणून ठरवलं, एक पावसाळा जाऊ दे, मग लिहू.

आधी कामाचं सांगते, कारण टेबलाची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मी डोंबिवलीत घरूनच छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न भरते. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० तारखेला ३बी म्हणजे कर भरायचं. महिना या दोन खुंट्यांना टांगलेला. बिलं कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतं, कुणी सरळ पिशवी आणून दारात ठेवतं. म्हणजे मला स्क्रीनही लागते आणि कागद पसरायला जागाही लागते, दोन्ही एकाच वेळी. आधी हे सगळं जेवणाच्या टेबलावर चालायचं. एक वाजला की पसारा उचला, दोन वाजता परत मांडा. त्यात एकदा एका हार्डवेअरवाल्याच्या बिलांना आमटीचा वास लागला आणि मी कोपऱ्यातलं टेबल शोधायला बसले.

बेडरूमचा एक कोपरा रिकामा होता. एका भिंतीला खिडकी, दुसऱ्या भिंतीवर प्लगपॉइंट. एल आकाराचं टेबल मागवलं: एक बाजू पाच फूट, दुसरी चार, दोन्हींची रुंदी २० इंच, किंमत ९,२०० रुपये. वर्णनात 'इंजिनिअर्ड वूड' लिहिलं होतं. मी ते 'वूड' वाचलं, 'इंजिनिअर्ड' नाही वाचलं. ते १८ एमएमचं पार्टिकल बोर्ड निघालं, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी, वरून लॅमिनेटचा कागद आणि कडेला पट्टी. वाईट असतं असं नाही, पण त्याचे नखरे प्लायपेक्षा वेगळे आहेत, ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

जोडायला आलेल्या मुलाने पाऊण तासात उभं केलं, कोपऱ्यात सरकवलं आणि गेला. संध्याकाळी पाहिलं तर पाच फुटांची बाजू भिंतीला चिकटलेली, पण खिडकीकडच्या भिंतीपाशी फट. कोपऱ्यात शून्य, टोकाला जवळजवळ एक इंच. मला वाटलं टेबलच वाकडं आलंय. परत पाठवायचं म्हणून फोटोही काढले. मग सोसायटीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पिशवीतून गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, काढला, आधी टेबलाला लावला, मग भिंतीच्या कोपऱ्याला, आणि हसले. "ताई, टेबल बरोबर आहे. तुमची भिंत गुण्यात नाही." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घरोघरी हेच. पाव इंच, अर्धा इंच सगळीकडे असतं, आमच्याकडे बिल्डरने जरा सढळ हाताने दिलंय. तेव्हा कोपऱ्यासाठी टेबल घेणार असाल तर नुसती लांबी मोजू नका. दोन्ही भिंतींवर कोपऱ्यापासून एकीकडे तीन फुटांवर आणि दुसरीकडे चार फुटांवर पेन्सिलीने खूण करा आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजा. बरोबर पाच फूट भरलं तर काटकोन. आमचं पाच फूट आणि वर अर्ध्या इंचाहून थोडं जास्त भरलं.

त्या फटीने पहिले तीन महिने मला छळलं. पेन, टाचण्या, रबरबँड, सगळं तिच्यात. जानेवारीच्या २० तारखेला संध्याकाळी सहा वाजता एका कंपनीचा डीएससीचा डोंगल, म्हणजे डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, त्या फटीत गेला. (खरं तर ज्याचा डोंगल त्याने स्वतः सांभाळायचा असतो. पण छोटे लोक "ताई, तुमच्याकडेच राहू द्या" म्हणतात आणि आपण ठेवून घेतो. चूकच आहे.) टेबलावर मॉनिटर, प्रिंटर, फायली, ते हलवणार कोण? शेवटी मुलगा पोटावर झोपून टेबलाखाली गेला आणि लाटण्याने ढोसून ढोसून त्याने तो बाहेर काढला. त्या रात्री मी टेबलाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यावरचा उपाय स्वयंपाकघरात निघाला. घरात दोन मिसळणाचे डबे होते, एक आईंचा आणि एक माझ्या लग्नातला, नुसता पडून असलेला. सात वाट्या, वर काचेचं झाकण. प्रत्येक वाटीत एकेक डोंगल, वाटीला कागदी टेप आणि टेपवर नाव. मधल्या वाटीत माझा स्वतःचा. झाकण न उघडताच दिसतं कुठला आहे, कुठला बाहेर आहे. ऑनलाइन मिळणारे ऑर्गनायझर मी दोन घेतले होते, जाळीचे काळे. ते आता आईंच्या औषधांना कामी येतात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कोपरा. बहुतेक जण एल टेबल घेतात आणि स्क्रीन एका बाजूला सरळ भिंतीशी ठेवतात. मीही तसंच केलं होतं. मग कोपऱ्याचा तो मोठा चौकोन निव्वळ अडगळीचा होतो, तिथे हात पोचत नाही. स्क्रीन कोपऱ्यातच तिरकी बसवायची आणि आपण आतल्या कोनासमोर बसायचं, हे मला मार्चमध्ये सुचलं. मनात धाकधूक होती की फार लांब जाईल. म्हणून आधी वर्तमानपत्राचा कागद कापून मांडून पाहिला. २० इंच रुंदीच्या दोन बाजू मिळतात तिथे भिंतीच्या कोपऱ्यापासून आतल्या कोनापर्यंत तिरकं अंतर २८ इंच भरतं. माझा मॉनिटर २४ इंची, म्हणजे आडवा मोजला तर २१ इंच. तो तिरका लावला की त्याच्या दोन्ही कडा भिंतींना टेकतात तेव्हा कोपऱ्यापासून साडेदहा इंचांवर येतो. उरले साडेसतरा. त्यात टेबलाच्या कडेपासून आपल्या डोळ्यांपर्यंतचे सहा-सात इंच धरा, झाले चोवीसच्या आसपास. हात लांब केला की बोटं स्क्रीनला टेकतात, तेवढंच अंतर. २७ इंची मॉनिटर असता तर स्क्रीन आणखी पुढे आली असती आणि जड गेलं असतं, त्यामुळे २० इंची रुंदीचं टेबल असेल तर मोठ्या स्क्रीनचा मोह आवरा.

मॉनिटरमागे जो त्रिकोण उरतो, तो या टेबलाचा माळा. राउटर, राउटरचा छोटा यूपीएस, जास्तीच्या वायरची गुंडाळी, सगळं तिथे. दिसत नाही, पण हात घातला तर मिळतं.

खिडकी आता डाव्या हाताला आली. लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. स्क्रीन खिडकीला तिरकी असल्यामुळे दुपारचं ऊन तिच्यावर चमकत नाही, फक्त मे महिन्यात चारनंतर पडदा ओढावा लागला.

उंचीचं मात्र गणित चुकलंच. तयार टेबलं तीस इंचांच्या आसपास उंच असतात, माझी उंची पाच फूट एक इंच. खुर्ची खाली घेतली तर खांदे कानाशी येतात, वर घेतली तर पाय लोंबकळतात. खुर्ची वर घेतली आणि पायाखाली घरातला जुना शिसवी पाट घेतला. उंची अगदी मापात. दुसऱ्या दिवशी आई खोलीत आल्या, पाटाकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. "अगं, माणसं जेवायला बसतात त्याच्यावर." बस्स, एवढंच. पाट परत गेला. जुन्या टॅक्सच्या पुस्तकांचा विचार केला होता, पण पुस्तकांवर पाय ठेवायचे म्हणजे त्याहून वाईट. आता दोन विटा आहेत, गोणपाटात शिवून घेतलेल्या. कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

विजेबद्दल दोन गोष्टी, दोन्ही आमच्याच चुकांमधून. टेबलाच्या खालच्या अंगाला एक्स्टेन्शन बोर्ड अडकवायचा म्हणून ह्यांनी एक इंची स्क्रू मारले. फळी १८ एमएमची, स्क्रू २५चा. वरच्या बाजूला लॅमिनेटला दोन पुटकुळ्या आल्या, एक नेमकी माउसच्या वाटेत. तिथे आता कॅलेंडर उभं असतं. आणि त्या भोकांतून स्क्रू काढून लहान लावायला गेलो तर ते फिरत राहिले, पकड धरेनात. पार्टिकल बोर्डमध्ये एकदा आटे गेले की गेले. भोकात फेविकॉल आणि काड्यापेटीच्या काड्या भरून एक दिवस वाळू दिलं, मग धरले. दुसरी गोष्ट: लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस मान टाकतो. लाइट गेलेले असताना मी एकच पान छापायला गेले, एक लांब शिटी वाजली आणि सगळं काळं. प्रिंटर तेव्हापासून सरळ भिंतीतल्या प्लगवर.

वायरींचं काय केलं हे विचारतातच लोक. काही खास नाही. त्या छळवादी फटीतूनच सगळ्या खाली सोडल्या. ट्रे आणला नाही, भोकं पाडली नाहीत. दर दोन फुटांवर जुन्या ओढणीच्या काठाची गाठ. फट नसती तर टेबलाला भोक पाडावं लागलं असतं आणि चुऱ्याच्या फळीला उघडी कड म्हणजे ओलीला आमंत्रण.

ओल जूनच्या शेवटी आलीच. खिडकीची भिंत बाहेरची आहे, तिच्यावर हाताच्या पंज्याएवढा डाग आला, मग ताटाएवढा. तेव्हा सगळं टेबलच दोन बोटं पुढे ओढलं. वारा खेळता राहिला, मागची कड फुगली नाही. फुगलं ते भलतीकडेच. या टेबलाला दोन टोकांना पाय नाहीत, उभ्या फळ्या आहेत, थेट लादीवर टेकलेल्या. मावशी रोज लादी पुसतात, पाणी फळीच्या बुडाशी जातं, आणि बुड ते पीत राहतं. ऑगस्टमध्ये बोट फिरवलं तर खालची दोन इंच कड पोळीसारखी फुगलेली. पार्टिकल बोर्ड फुगलं की वाळल्यावर परत पहिल्यासारखं होत नाही. आता चारी ठिकाणी रबरी बुचं लावली आहेत, पण एका फळीचं व्हायचं ते झालं. पहिल्याच दिवशी बुचं लावली असती तर चाळीस-पन्नास रुपयांत काम झालं असतं.

पाच फुटांच्या बाजूला मधोमध पोटही सुटलं. चूक माझी: अकरा बॉक्स फायली मी तिथे ओळीने उभ्या केल्या होत्या. एकेक भरलेली फाईल अडीच-तीन किलोची, खाली आधार नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून पाहिला तर मध्ये करंगळी जाईल एवढा झोल. फायली टोकाला, उभ्या फळीच्या डोक्यावर हलवल्या आणि जुन्या सालातल्या सरळ माळ्यावर टाकल्या. झोल आहे तेवढाच राहिला, वाढला नाही.

नीटनेटकेपणाचं म्हणाल तर सगळ्यात मोठी अडचण वस्तू कुठे ठेवायच्या ही नव्हतीच. घरात मोकळी सपाट जागा दिसली की घर तिथे चालून येतं. पहिल्या महिन्यात माझ्या खिडकीकडच्या बाजूवर इस्त्रीचे कपडे, हेल्मेट, कुरिअरची खोकी आणि एके दिवशी निवडायला घेतलेली मेथी होती. कुणाला काय बोलणार, मेथी मीच ठेवली होती. मग एक नियम केला: खिडकीकडची बाजू कागदाची, प्लगकडची मशिनची. कागदाच्या बाजूवर एका वेळी एकाच माणसाची बिलं, त्याचं रिटर्न गेलं की पिशवी बंद आणि दाराजवळ. २० तारखेच्या रात्री ती बाजू पूर्ण रिकामी झाली पाहिजे. मशिनच्या बाजूला स्टेपलर, पंच, शिक्के आणि मिसळणाचा डबा, चौथी वस्तू… बरं, पाचवी वस्तू नको. ह्यांच्या किल्ल्यांसाठी दाराला खिळा ठोकला. हा नियम नऊ महिन्यांत चार वेळा मोडला, त्यातला एक गणपतीच्या खरेदीत, म्हणजे कालच.

परत घेईन का? एल आकार, कोपऱ्यातच, नक्की. हेच टेबल नाही. सुतारकाकांना प्लायचं एस्टिमेट विचारलंय: १९ एमएम, बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला दाद न देणारं, वर सनमायका, खाली लोखंडी पाय, उंची २७ इंच, आणि खिडकीकडची बाजू भिंतीच्या तिरकेपणाप्रमाणे कापून, पण मागे एक इंच फट सोडून. "आता फट कशाला?" ते म्हणाले. आकडा माझ्या आताच्या टेबलाच्या दुपटीहून थोडा वर गेला. दिवाळीनंतर बघू. तोवर या टेबलाला साडेतीन तारे, त्यातला अर्धा मिसळणाच्या डब्याचा.