प्रॉडक्ट मॅनेजर (पीएम) व्हायच्या कोर्सला 70 हजार घातले, त्याचा रिव्ह्यू

सहा वर्षं बॅकएंडला जावा लिहून डोकं उठलं होतं म्हणून प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा, म्हणजे ॲपमधे काय आणि का बनवायचं ते ठरवायच्या कामाचा, चार महिन्यांचा वीकेंड कोर्स केला, ऑनलाइन, फी 70 हजार तीपण ईएमआयवर, बायको अजून ऐकवते. नाव नाही घेत, सगळे कोर्स साधारण असेच असणार.

पहिला दीड महिना नुसते फ्रेमवर्क. राइस (RICE) घ्या, कुठलं फीचर आधी करायचं ते ठरवायचा फॉर्म्युला: रीच (किती युजरना लागू) गुणिले इम्पॅक्ट (किती फरक पडेल) गुणिले कॉन्फिडन्स (आपल्या अंदाजांची खात्री) भागिले एफर्ट (किती काम). हे इंटरकॉम नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीवाल्यांनी काढलंय आणि त्यांच्याच साइटवर फुकट वाचता येतं, त्याला दोन रविवार कशाला? बाकी आपल्या डेव्हलपर लोकांची गंमत बघा, एफर्ट विचारला की बफर धरून दहादा विचार करून सांगणार, आणि कॉन्फिडन्सच्या रकान्यात बिनधास्त 100 टक्के, जसा काय युजर आपल्याच घरी जेवायला असतो.

पैसे वसूल झाले ते एका असाइनमेंटमधे. पाच युजरशी बोलून या म्हणाले. मी वाकडला सोसायटीखालच्या किराणावाल्या काकांना विचारलं, उधारीचं ॲप केलं तर वापराल का? हो हो, छान आहे म्हणाले, मी खूश. मेंटरने रेकॉर्डिंग ऐकून झापलं, "वापराल का" विचारूच नकोस, तोंडावर नाही कोण म्हणतंय, काल काय केलं ते विचार. परत गेलो. काकांनी लांबडी वही काढली, पैसे आले की पानावर तिरकी रेघ, आणि गिऱ्हाइकांची नावं अशी, "बी विंग कुत्रावाले", "पांढरी ॲक्टिव्हा". मी मोबाईल नंबरशिवाय अकाउंट उघडता येणार नाही असं डिझाइन केलेलं 😅 यूपीआयचे पैसे आले का तेसुद्धा ते साउंडबॉक्सच्या आवाजावर ओळखतात, फोन गल्ल्यात उताणा पडलेला.

प्लेसमेंट असिस्टन्स म्हणजे एक एक्सेल शीट, त्यातल्या निम्म्या लिंक बंद. दोनदा मेल केला, उत्तर नाही. शेवटी आमच्याच कंपनीत पीएमच्या मागे लागून कस्टमर कॉल्सना गुपचूप म्यूटवर बसायला लागलो, सात महिन्यांनी इंटर्नल ट्रान्सफर मिळाली, पगार तेवढाच, मीटिंगा तिप्पट. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येत होतं त्याचा फायदा झाला, डेटा टीमकडे हात पसरावा लागत नाही.

पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन त्या मेंटरचे. घेणारच असाल तर आधी मेंटर कोण ते विचारा, आमच्या पुढच्या बॅचला तो नव्हता म्हणे.