ॲनाटॉमीची व्हीआर लॅब, वर्षभर वापरून सांगते

फर्स्ट एमबीबीएस संपलं. आमच्या कॉलेजात ॲनाटॉमीसाठी (शरीररचना शिकायला) व्हीआर, म्हणजे हेडसेट घालून थ्रीडीत बघायची व्हर्च्युअल रिॲलिटी लॅब आहे आणि ज्युनियर्स सारखं विचारतायत की खरंच उपयोग होतो का, म्हणून एकदाच नीट लिहिते.

होतो, खूप होतो. पण डीएचला, म्हणजे डिसेक्शन हॉलला (जिथे टेबलावर खरा मृतदेह उघडून शिकतो) जायच्या आधी, डीएचच्या बदल्यात नाही.

हार्टचंच बघा ना. पुस्तकात ते सपाट दिसतं, एक उजवी बाजू एक डावी, आणि आपण तसंच घोकतो. हेडसेट घालून मी चालत हार्टच्या मागे गेले तेव्हा डोक्यात बसलं की राइट व्हेंट्रिकल (उजवा खालचा कप्पा) खरं तर पुढे आहे, स्टर्नमच्या म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, आणि लेफ्ट एट्रियम (डावा वरचा कप्पा) पार मागे, त्यात फुप्फुसांकडून येणाऱ्या चार पल्मनरी व्हेन्स शिरतायत आणि त्याला जवळजवळ चिकटून इसोफेगस, म्हणजे अन्ननलिका. अन्ननलिकेतून प्रोब घालून इको का करतात ते तिथे उभ्या उभ्या कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. व्हायवात (तोंडी परीक्षेत) रिलेशन्स, म्हणजे कशाच्या शेजारी काय आहे ते, विचारल्या तेव्हा मी मनातल्या मनात परत तिथेच जाऊन उभी राहिले.

पण तिथे आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी. टेबलावर सगळं एकाच मळकट रंगाचं असतं, फॅट आणि फॅशिया (पातळ पडदे) बाजूला करत फोरसेप्सनं बारीकशी नर्व्ह सोडवायची, कधी तुटते पण, आणि बोटांना जे कळतं ते हेडसेटमध्ये अजिबात नाही. आणि पहिल्या दिवशी कॅडेव्हरिक ओथ (मृतदेहाचा मान राखायची शपथ) घेताना, कुणीतरी आपल्यासाठी देहदान केलंय हे समोर बघून जे वाटतं, ते मला कुठल्याच मॉडेलसमोर वाटलं नाही.

त्रास म्हणजे चक्कर. जॉयस्टिकनं पुढे सरकलं की डोळे म्हणतात आपण चाललोय आणि इनर इअर म्हणतो जागेवरच आहोत, मग मळमळायला लागतं. स्वतःच्या पायांनी चाला, १५ मिनिटांनी काढा. लेन्समधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे सेट करा नाहीतर सगळं धूसर दिसतं. आमच्याकडे १५० जणांत ८ हेडसेट, चार्ज जेमतेम दोन तास, शेवटच्या बॅचला नुसतं बघत बसावं लागतं, हे मला मनापासून खटकतं. आणि डोळे आल्याची साथ असेल तर फेस कव्हर पुसल्याशिवाय घालूच नका.

कॉलेजवाले वाचत असतील तर एक विनंती, एकाच हेडसेटवर चालणारं सॉफ्टवेअर घेऊ नका. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीनं मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स हेडसेटवर ॲनाटॉमी इतकी छान शिकवली, पण ३५०० डॉलरच्या होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंदच झालं.

माझ्याकडून ५ पैकी ४. स्लॉट कमी मिळत असतील तर मेडियास्टायनम (छातीचा मधला भाग), इन्ग्वायनल कॅनाल (जांघेतला बोगदा) आणि मिडल इअर आधी घ्या, मिडल इअर तर टेबलावर इतका चिमुकला असतो की काही दिसत नाही. हातापायाचे मसल्स टेबलावरच करा.