‘गर्जना’ लिहून दाखवा

कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापुरात माझं फ्लेक्स आणि पाट्यांचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात एका नव्या जिमचं काम आलं, दारावरची पाटी आणि ३० टी-शर्ट. पोरांना अक्षर हवं होतं ठसठशीत, कोनदार, पुढं झुकलेलं. “दादा, बघूनच पळत सुटावं वाटलं पाहिजे.” असलं अक्षर शोभतं ते जिमवर, कबड्डीच्या जर्सीवर, बैलगाडी शर्यतीच्या फ्लेक्सवर. लग्नपत्रिकेत घातलं तर नवरा-नवरी पळून चाललेत असं दिसेल.

त्यात कर्नाटकच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे पाटीवर ६० टक्के कानडी हवी. म्हणजे मराठी आणि कानडी, दोन्ही अक्षरं सारखीच झुकलेली पाहिजेत.

तेवढ्यात पेंटर-प्रिंटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: मराठी-कन्नड बोल्ड इटॅलिक, म्हणजे ठसठशीत तिरका फॉन्ट, कायमचं कमर्शियल लायसन्स, २,४९९ रुपये. नमुन्यात तीन शब्द होते, शिव, राजा, वीर. भाळलो. यूपीआयनं पैसे पाठवले, फाइल आली, शिक्क्याचं सर्टिफिकेटही आलं.

नमुन्यात एकही जोडाक्षर नाही हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. टी-शर्टसाठी ‘गर्जना’ टाइप केलं, तर रफार ‘ज’च्या डोक्यावर चढायचा सोडून ‘र’ पाय मोडून बाजूला उभा. ‘क्ष’चे दोन तुकडे. कानडी टाइप केलं तर ताठ उभी अक्षरं. फाइलमध्ये कानडी नव्हतीच की! कॉम्प्युटरनं आपल्या पदरची घातली होती.

आमच्या अण्णांनी ४० वर्षं ब्रशनं पाट्या रंगवल्यात. चष्मा नाकावर ओढून स्क्रीनकडे बघत म्हणाले, “हे तिरकं न्हवं रे, ढकललेलं हाय.” ते तिरकं अक्षर काढायचे तेव्हा सगळ्या कान्यांचा कल एक ठेवायचे, पण ‘ब’चं पोट आणि ‘न’ची गाठ पुन्हा हातानं सावरायचे. इथं उभं अक्षर सरसकट कलंडवलेलं. ‘ब’चं पोट एका कोपऱ्यात दाबलं गेलेलं.

मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स उघडलं. फॉन्टचं नाव बदललं होतं, कॉपीराइटच्या ओळीतलं मूळ कंपनीचं नाव मात्र पुसायला गडी विसरला होता. त्यावरून शोधलं तर निघाला टेको, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा, चौकटी वळणाचा, उभा. त्यात कानडीही नाही, इटॅलिकही नाही. त्याच्या लायसन्सनुसार धंद्याला खुशाल वापरा, नुसता फॉन्ट विकायला मात्र मनाई. म्हणजे माझं शिक्क्याचं सर्टिफिकेट रद्दीत घालायच्या लायकीचं.

विकणाऱ्यानं नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार दिलीय, पैसे अजून आलेले नाहीत. टी-शर्टची अक्षरं शेवटी अण्णांनी कागदावर काढली, मी स्कॅन करून ट्रेस केली. पाटी आठ दिवस उशिरा गेली, बोलणी खाल्ली.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या ग्रुपवर दिसली. तेच तीन शब्द. मी खाली एवढंच लिहिलं, “गर्जना लिहून दाखवा.” पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.