अकरा महिने, 33 हजार किलोमीटर आणि एक मेमरी कार्ड : डॅशकॅमच्या वापराचा अनुभव

मी नागपूरला राहतो आणि दवाखाने व लॅबमधल्या तपासणी यंत्रांची सर्व्हिस करतो. चंद्रपूर, वरोरा, यवतमाळ, अमरावती अशी माझी गाडी महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर असते. गेल्या जुलैत मी नवा डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेला लावून रस्ता सतत रेकॉर्ड करणारा कॅमेरा, बसवला, समोर एक आणि मागे एक कॅमेरा असलेला. अकरा महिने तो रोज वापरल्यावर आता हे लिहितोय. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही. मॉडेल वर्षभरात बदलते, पण घेताना काय पाहायचे ते बदलत नाही, आणि मला तेच सांगायचे आहे.

हा माझा दुसरा कॅमेरा. पहिल्याचे काय झाले ते आधी सांगतो, कारण मी जे शिकलो ते तिथेच.

गेल्या वर्षी 9 मेला जाम हे गाव सोडून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलो होतो. ओव्हरटेक करून पुढे आलेल्या पिकअपने एकदम डावीकडे कट मारला आणि माझ्या गाडीचा उजवा फेंडर चेपला. कोणाला लागले नाही. पिकअपवाला उतरून म्हणाला, ‘भाऊ, तुम्हीच घासली.’ मी वाद घातला नाही. आरशामागे कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे सगळे रेकॉर्ड झाले आहे अशी माझी खात्री होती. संध्याकाळी घरी आल्यावर कार्ड लॅपटॉपला लावले, तर शेवटची फाइल 14 मार्चची. त्यानंतरच्या जवळजवळ आठ आठवड्यांत कार्डावर एक सेकंदही लिहिला गेला नव्हता, आणि तेवढे दिवस लाल दिवा मात्र रोज लुकलुकत राहिला.

कार्ड फॉरमॅट केले. लॅपटॉपने ‘झाले’ म्हणून सांगितले. कार्ड काढून परत लावले तर तेच मार्चचे व्हिडिओ तसेच्या तसे हजर. एक फाइल पुसली, ती गेल्यासारखी दिसली, कार्ड पुन्हा लावले तर परत आली. फ्लॅश मेमरी संपत आली की बरीच कार्डे अशी वागतात. कार्डातला कंट्रोलर लिहिणे बंद करतो आणि फक्त वाचू देतो. जुना डेटा वाचावा म्हणून ही सोय असते, म्हणजे कार्डाचे वागणे बरोबरच होते. चूक कॅमेऱ्याची होती. लिहिलेले खरोखर लिहिले गेले का, हे त्याने एकदाही तपासले नाही आणि साधा बीपही दिला नाही.

कार्ड का संपले ते मी नंतर आकडे मांडून पाहिले. तो कॅमेरा सेकंदाला 14 मेगाबिट लिहायचा, म्हणजे तासाला 6.3 जीबी. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करणाऱ्या पार्किंग मोडसाठी मी तो चोवीस तास चालू ठेवला होता, म्हणजे दिवसाला 150 जीबीच्या वर. कार्ड 64 जीबीचे, फोनसाठी घेतलेले साधे. कार्ड भरले की कॅमेरा जुन्यावर नवे लिहितो, त्यामुळे ते दिवसातून दोनदा पूर्ण भरून तिसऱ्यांदा एक तृतीयांशाच्या वर भरायचे. चौदा महिन्यांत हा फेरा साधारण हजार वेळा झाला. स्वस्त कार्डात एकेका सेलमध्ये तीन-तीन बिट कोंबलेले असतात आणि प्रत्येक वेळी पुसून लिहिताना सेल थोडा झिजतो. फोनमध्ये फोटो साठवायला हेच कार्ड दहा वर्षे पुरते. डॅशकॅममध्ये त्याच्याकडून दहा वर्षांचे काम वर्षभरात करून घेतले जाते. अनेक साध्या कार्डांच्या वॉरंटीतून सतत रेकॉर्डिंगचा वापर वगळलेला असतो, आणि ती ओळ पाकिटावर बारीक अक्षरात असते. मी ती तेव्हा वाचली नव्हती.

त्याच रात्री तो कॅमेरा उघडला. स्क्रू काढायच्या आधीच मागचा स्क्रीन एका कडेने उचललेला दिसत होता. आत चांदीच्या रंगाच्या पाकिटातली छोटी लिथियम बॅटरी होती, फुगून उशीसारखी झालेली. नखाने हलके दाबले तर दबून परत वर येत होती. लगेच हात मागे घेतला. अशी बॅटरी टोचू नये, वाकवू नये, कचऱ्यात टाकू नये. मी ती ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. घड्याळ दर दोन दिवसांनी जुन्या तारखेवर का जायचे, त्याचाही उलगडा झाला. मेलेल्या बॅटरीला घड्याळही चालवता येत नव्हते.

विदर्भात राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लिथियम बॅटरी साधारणपणे 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असे सांगतात. या मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी दोन वाजता, तीन तास उन्हात उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मी कामाचा इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. आकडा आला 74. काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्याच्या अंगावर 66. अशा गाडीत बसून चावी फिरवली की बॅटरीवाला कॅमेरा त्याच क्षणी चार्जिंग सुरू करतो.

म्हणून दुसरा कॅमेरा घेताना माझी पहिली अट होती सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग. त्यात रासायनिक साठा नसतो, त्यामुळे तो उष्णता बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त सोसतो. काम त्याचे एकच : गाडीची वीज गेल्यावर चालू फाइल नीट बंद करायला काही सेकंद पुरवणे. साधारण रचना अशी की 2.7 व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात. समजा प्रत्येकी 5 फॅरडचे असले, तर जोडून 2.5 फॅरड होतात. 5 व्होल्टवरून 3 व्होल्टपर्यंत उतरताना त्यातून 20 ज्यूल मिळतात. कॅमेरा 3 वॅट खात असेल तर साडेसहा सेकंद. थोडी वीज वाया गेली तरी पाच सेकंद हातात राहतात, आणि तेवढे पुरेसे असतात.

या पाच सेकंदांची किंमत एमपी4 फाइलची मांडणी समजल्यावर कळते. चित्रे फाइलमध्ये एकामागून एक लिहिली जातात, पण कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी, फाइल बंद करताना लिहिली जाते. अपघातात गाडीची वायर तुटली आणि तेवढ्यात कॅमेरा मेला, तर चित्रे कार्डावर असतात, अनुक्रमणिका नसते आणि फाइल उघडतच नाही. म्हणजे नेमकी हवी असलेली फाइलच खराब होते. अशी फाइल हाती आली तर ती पुसू नका. अनट्रंक नावाचे मोफत सॉफ्टवेअर त्याच कॅमेऱ्याची चांगली फाइल नमुना म्हणून घेते आणि मोडलेली जोडून पाहते. काही कॅमेरे टीएस प्रकारच्या फाइली लिहितात. त्या मध्येच तुटल्या तरी तिथवरचा भाग चालतो, आणि माझ्या मते सगळ्यांनीच तसे करायला हवे.

नव्या कॅमेऱ्याची मी तपासणी अशी केली. लेन्ससमोर मोबाइलवरचे सेकंद दाखवणारे घड्याळ धरले, तोंडाने ‘आता काढतोय’ म्हणालो आणि फ्यूज उपटला. असे वेगवेगळ्या दिवशी वीस वेळा केले, त्यातले सहा वेळा गाडी उन्हात तापलेली असताना. वीसच्या वीस फाइली उघडल्या. प्रत्येकीत माझे वाक्य पूर्ण ऐकू येते आणि शेवटच्या फ्रेममधले घड्याळ फ्यूज काढल्याच्या क्षणापर्यंत येते. कॅमेरा ठेवायचा हे मी त्या दिवशी ठरवले. रात्रीच्या चित्राकडे नंतर पाहिले.

कार्ड या वेळी हाय एन्ड्युरन्स, म्हणजे सततचे लिहिणे सोसणाऱ्या प्रकारातले, 128 जीबीचे. सॅनडिस्कच्या या मालिकेत 128 जीबीसाठी 10,000 तास लिहिलेले असतात, तेही सेकंदाला 26 मेगाबिटच्या फुल एचडी रेकॉर्डिंगसाठी. योगायोगाने माझे दोन्ही कॅमेरे मिळून तेवढेच लिहितात, समोरचा 16 आणि मागचा 10. तासाला 11.7 जीबी. 10,000 तास म्हणजे 117 टेराबाइट, म्हणजे पूर्ण कार्ड 900 वेळांच्या थोडे वर लिहिणे. आता फरक बघा. मी रोज तीन तास गाडी चालवतो. तेवढेच रेकॉर्ड केले तर हे तास नऊ वर्षे पुरतात. पार्किंग मोडमध्ये चोवीस तास चालू ठेवले तर 417 दिवसांत संपतात. कार्ड तेच, फक्त वापर बदलला. म्हणून मी पार्किंगमधले सततचे रेकॉर्डिंग बंद केले आणि धक्का लागला तरच जागा होणारा पर्याय ठेवला. अकरा महिन्यांत अंदाजे 825 तास झाले, म्हणजे साडेनऊ टेराबाइटच्या वर. कार्ड 75 वेळा भरून पुन्हा लिहिले गेले.

वेगाच्या अंकांवर पैसे घालवू नका. आपली गरज सेकंदाला सव्वातीन मेगाबाइटची (26 मेगाबिट भागिले 8), आणि कार्डावरचे व्ही30 म्हणजे किमान 30 मेगाबाइट. ए1, ए2 हे आकडे फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात, इथे त्यांचा उपयोग नाही. पाकिटावर ‘एन्ड्युरन्स’ आणि तास लिहिलेले आहेत का, तेवढे पाहा. आणि कार्ड आणल्याबरोबर ते पूर्ण भरून, परत वाचून तपासा. त्यासाठी सॉफ्टवेअर आहेत, विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ3. दोन-तीन तास लागतात, लागू द्या. बनावट कार्ड स्वतःला 128 जीबी म्हणवते आणि आत 16 असतात. फोनमध्ये ते लवकर उघडे पडते. डॅशकॅममध्ये जुन्यावर नवे लिहिणे चालूच असल्याने महिनोन्‌महिने कळत नाही. मी पहिले मागवलेले कार्ड याच तपासणीत नापास झाले आणि परत केले.

बसवताना इलेक्ट्रिशियन वायर कापून जोड मारायला निघाला होता. ‘दोन मिनिटांचं काम आहे भाऊ,’ म्हणाला. मी कापू दिली नाही. फ्यूजच्या खोबणीत बसून वेगळी वायर देणारा फ्यूज टॅप लावून जोडणी करून घेतली, म्हणजे मूळ वायरिंगला हात लागत नाही. बॅटरी 12 व्होल्टच्या खाली गेली की वीज तोडणारे किट वापरले. तुमच्या गाडीच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्यायला सांगा, पुढून नको. एवढ्यापुरते त्याच्या डोक्यावर उभे राहावेच लागते.

धक्क्याचा सेन्सर आल्यावर मध्यम संवेदनशीलतेवर होता. पहिल्या आठवड्यातच प्रत्येक स्पीड ब्रेकरला फाइल लॉक होऊ लागली. लॉक फाइलवर कॅमेरा नवे लिहीत नाही, त्यामुळे कार्डावरची फिरती जागा आकसत जाते. सर्वांत कमीवर आणल्यापासून त्रास नाही.

घड्याळ जीपीएसवरून लागते, पण त्यात एक गोम आहे. काही कॅमेऱ्यांत टाइम झोन फक्त पूर्ण तासांचे असतात आणि आपला साडेपाच मिळत नाही. मग प्रत्येक व्हिडिओवर अर्ध्या तासाची चूक उमटते. घेण्याआधी एवढे विचारून घ्या.

चित्राबद्दल थोडक्यात. चित्र टिपणारा सेन्सर सोनीचा स्टारव्हिस 2 आहे. दिवसा पुढच्या गाडीचा नंबर स्वच्छ वाचता येतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर येत नाही, आणि हलत्या गाडीचा तो क्वचितच कुठल्या कॅमेऱ्यात येतो. म्हणून मी माइक चालू ठेवतो आणि काही घडले की नंबर मोठ्याने म्हणतो. घरचे सोबत असले की माइक बंद. लेन्सवर सीपीएल (चमक कापणारा) फिल्टर लावल्यापासून काचेतले डॅशबोर्डचे प्रतिबिंब चित्रात येत नाही.

उपयोग ऑक्टोबरमध्ये झाला. बुटीबोरीला चढावर थांबलो होतो आणि पुढचा टेम्पो मागे घसरत येऊन माझ्या बंपरला लागला. चालक उतरून तेच वाक्य बोलला, की तुम्हीच मागून ठोकली. मी कॅमेऱ्याचे वायफाय लावून मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. माझा वेग शून्य आणि टेम्पोचे मागचे फाळके मोठे मोठे होत येते. त्याने दोनदा पाहिला, मग म्हणाला, ‘चुकी झाली साहेब, हँडब्रेक ओढला नव्हता.’ बंपरचे 4,500 रुपये त्याने दिले आणि विषय तिथेच संपला.

तरी मी त्या संध्याकाळी कार्ड बाहेर काढून ठेवले आणि दुसरे लावले. प्रकरण पुढे गेले असते तर इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागले असते. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारी बोटांच्या ठशासारखी खूण, द्यावी लागते. म्हणून मूळ फाइल कापू नये, व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत खरी धरू नये, आणि कॉपी करताच एसएचए-256 पद्धतीची हॅश काढून लिहून ठेवावी. एका कमांडचे काम आहे.

दोन तक्रारी आहेत. मागच्या कॅमेऱ्याची टेप एप्रिलमध्ये सुटली आणि तो वायरला लोंबकळत होता. उष्णता सोसणारी टेप लावल्यावर टिकला. दुसरी, कार्ड लिहिणे बंद झाले तर हा कॅमेरा बीप देतो, पण आवाज फार बारीक आहे. एसी चालू असताना ऐकूच येत नाही. ज्या कारणासाठी पहिला कॅमेरा टाकला, त्याच जागी इतकी काटकसर करायला नको होती.

त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्ड घरात आणतो, शेवटची फाइल लॅपटॉपवर चालवून तिची तारीख-वेळ पाहतो आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो. या रविवारी पूर्ण भरून वाचण्याची तपासणी पुन्हा केली. एकही चूक निघाली नाही. तारीख पांढऱ्या पेनने अडॅप्टरवर लिहिली आणि कार्ड परत खोबणीत दाबले.