किनाऱ्यावरचं लग्न की डोंगरावरचं? आधी मुहूर्ताची वेळ सांगा

लग्नाच्या फोटोंसाठी फोन येतो तेव्हा मंडळी आधी ठिकाण सांगतात. अलिबागला रिसॉर्ट बघितलंय, महाबळेश्वरचं लॉन पसंत पडलंय, गोव्याचं जवळपास नक्की आहे. माझा पहिला प्रश्न ठरलेला: मुहूर्त किती वाजताचा? त्यावर उत्तर येतं, "ते गुरुजी सांगतील हो, आधी जागा तर अडकवून ठेवू." म्हणजे ॲडव्हान्स जातो आधी आणि पंचांग उघडतं नंतर. निसर्गरम्य ठिकाणी लग्न करायचं असेल तर हा क्रम उलटा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्यालयात दिवे लावले की सकाळ काय न् रात्र काय. उघड्यावर मात्र जागेचं रूप तासातासाला बदलतं, आणि मराठी लग्नात तो तास तुम्ही निवडत नाही.

म्हणून ही तुलना जागांपेक्षा वेळांची जास्त आहे. एकीकडे समुद्र: अलिबाग-काशीदपासून तारकर्लीपर्यंतचं कोकण आणि गोवा. दुसरीकडे डोंगर: महाबळेश्वर-पाचगणी, लोणावळा, पवना-मुळशीचे काठ. नाशिकचे द्राक्षमळे शेवटी.

सकाळी नऊ ते साडेदहा: समुद्र

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे सगळ्यांना माहीत असतं ते सूर्यास्तामुळे. फोटोसाठी खरा फायदा सकाळी होतो. होमाला वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात. म्हणजे समुद्र त्यांच्या पाठीशी आणि कोवळं ऊन थेट चेहऱ्यावर. मागे निळं पाणी, पुढे उजळलेले चेहरे, शालूची जर नीट दिसतेय. फ्लॅश काढायचीही गरज पडत नाही. शिवाय सकाळी वारा पडलेला असतो. खारे वारे सुरू होतात साधारण अकरा-बाराला, जमीन तापल्यावर.

हे वारे एकदा सुरू झाले की मजा संपते. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना तो धरवत नाही, पालासारखा फुगतो. मुंडावळ्या नवऱ्याच्या नाकाभोवती गुंडाळल्या जातात. अक्षता वधूवरांवर पडायच्या ऐवजी पहिल्या रांगेतल्या काकूंवर पडतात. आणि वारा समुद्राकडून येत असल्यामुळे होमाचा धूर जोडप्याकडे न जाता समोर बसलेल्या पाहुण्यांकडे आणि माझ्याकडे येतो. लाजाहोमाच्या अर्ध्या फोटोंत वऱ्हाडी डोळे पुसताना दिसतात. अल्बममध्ये ते फार भावुक वाटतं, हा भाग वेगळा.

डोंगरावर याच वेळी काय असतं? हिवाळ्यात महाबळेश्वरला सकाळी धुकं असेल तर उजेड इतका मऊ पडतो की एकाही चेहऱ्यावर कडक सावली नाही. पण दरी दिसत नाही. ज्या दरीसाठी एवढे पैसे मोजले ती पांढऱ्या पडद्यामागे. मला असे फोटो आवडतात, वडीलधाऱ्यांना क्वचितच आवडतात. "मागे काहीच आलं नाही का?" असं नंतर विचारतात.

साडेअकरा ते साडेबारा: डोंगर, पण सावली असेल तरच

आपल्याकडे सर्वांत जास्त मुहूर्त याच पट्ट्यात येतात आणि उघड्यावर फोटोसाठी सर्वांत वाईट वेळ हीच. डिसेंबरात दुपारीही सूर्य बऱ्यापैकी दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे निभावतं. मे महिन्यात मात्र खरंच डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईचा शून्य सावली दिवस मेच्या मध्याला असतो, गोव्याचा त्याआधी, मेच्या सुरुवातीला. ज्या दिवशी खांबाची सावली पडत नाही त्या दिवशी नवरीच्या डोळ्यांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली काळे खड्डे पडणारच. किनाऱ्यावर तर पळायला जागा नाही. काशीदसारखी उजळ वाळू असेल तर ती खालून थोडा उजेड परत फेकते आणि सावल्या भरून काढते. अलिबागची काळसर वाळू तेवढंही करत नाही.

डोंगरावर निदान सावली मिळते. पण कोणती, हे बघून घ्या. झाडाखालची पानांतून गाळलेली सावली डोळ्यांना छान वाटते. फोटोत नवरदेवाच्या अर्ध्या गालावर ऊन आणि कपाळावर ठिपके येतात. त्यापेक्षा जुन्या बंगल्याचा रुंद व्हरांडा किंवा पांढऱ्या छताचा मांडव कितीतरी बरा. छत पांढरं किंवा फिकट मोतिया, हे डेकोरेटरला लिहून द्या. लाल-पिवळं कापड वर असलं की दुपारच्या उन्हात सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं पिवळं येतं, आणि एडिटिंगमध्ये ते पूर्ण जात नाही. हळदीच्या मांडवालाही हेच लागू. तिथे तर हळद पिवळी, साड्या पिवळ्या, झेंडू पिवळा आणि वर छतही पिवळं, मग चेहरा शोधायचा कुठे?

गोरज मुहूर्त

जोडप्यांचं स्वप्न हेच असतं: सूर्यास्त, समुद्र आणि मंगलाष्टका. मिळतं ते, पण हिशोब घट्ट आहे. डिसेंबरात अलिबागला सूर्य सहाच्या थोडा नंतर बुडतो, मेच्या अखेरीस सातच्या पुढे. बुडाल्यावर जेमतेम वीस-बावीस मिनिटं कामाचा उजेड उरतो. मंगलाष्टका लांबल्या, मामा नवरीला आणायला उशिरा गेले, गुरुजी पाच मिनिटं म्हणत दहा थांबले, की अक्षता सोन्यात पडतात आणि सप्तपदी अंधारात होते. गोरज मुहूर्त घेत असाल तर मांडवाला दिव्यांची सोय आधीच लावून ठेवावी लागते आणि जनरेटर मांडवापासून लांब. शिवाय याही वेळी समुद्र पाठीशी आणि सूर्यही पाठीशी, म्हणजे चेहरे काळवंडतात. समोरून मंद उजेड द्यावाच लागतो. 'नॅचरल लाइटमध्येच काढा' हा आग्रह इथे चालत नाही.

डोंगरात पंचांगातला सूर्यास्त आणि तुमच्या लॉनवरचा सूर्यास्त एक नसतो. पश्चिमेला कडा असेल तर सूर्य त्यामागे अर्धा-पाऊण तास आधीच जातो. पवनेच्या काही काठांवर मी हे नेहमी बघतो: पाणी सावलीत गेलेलं आणि समोरचा किल्ला अजून लख्ख उन्हात. जोडप्याचे फोटो तेव्हा सुरेख येतात, पण सोनेरी ऊन अंगावर हवं असेल तर ते साडेपाचलाच संपलेलं असतं. महाबळेश्वरला सूर्यास्तासाठी मुंबई पॉइंट प्रसिद्ध, पण लग्न पॉइंटवर लागत नाही, लॉनवर लागतं, आणि लॉनभोवती झाडी. नाताळच्या आठवड्यात किंवा मेच्या शनिवार-रविवारी नवरानवरीला पॉइंटवर न्यायचं म्हणजे गाड्यांच्या रांगेत सूर्य बुडताना काचेतून बघायचा. कोकणातही अशी एक गंमत आहे. 'सी-फेसिंग' म्हणून दाखवलेल्या लॉनच्या आणि पाण्याच्या मधे सुरूचं बन असतं. मांडवात उभं राहून समुद्र दिसतो का, हे जागेवर जाऊनच बघा, तेही मुहूर्ताच्या वेळेला.

भरती, दमट हवा, थंडी

किनारा निवडलात तर तिथीकडे आणखी एका कारणासाठी बघा. कोकणातला कुठलाही कोळी सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. फोटोसाठी वाळूची चिंचोळी पट्टी उरते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून संध्याकाळी ओहोटी. तेव्हा पाणी दूर गेलेलं आणि ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब. संध्याकाळच्या कपल शूटसाठी मला हीच सर्वांत आवडती वेळ. याच ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, पण किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. मोबाइलवर फोटो काढणं वेगळं आणि लाइट-ट्रायपॉड घेऊन शूट करणं वेगळं, त्याला परवानगी लागते. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक बराच कमी, दोनेक मीटरचा. अलिबाग-मुंबईकडे उधाणाला तो चार-पाच मीटरपर्यंत जातो. गोव्यात त्यामुळे ही डोकेदुखी कमी.

दमट हवेचा त्रास नवरीला मेकअपमध्ये होतो, आम्हाला काचेत. तयारीची खोली एसीने गार केलेली असते. तिथून कॅमेरा बाहेर आणला की लेन्सवर वाफ धरते, आणि ती पुसून जात नाही, हवेत तापूनच जाते. नेमकी तेव्हाच नवरी मांडवाकडे निघालेली असते. म्हणून आम्ही एक कॅमेरा कायम खोलीबाहेर ठेवतो. तुमचा फोटोग्राफर असं करतो का, हे विचारा. ज्याने किनाऱ्यावर काम केलंय तो लगेच उत्तर देईल.

डोंगरावर हा प्रश्न नाही, तिथे थंडी आहे. डिसेंबरातल्या पाचगणीच्या रिसेप्शनला साडेसातनंतरच्या प्रत्येक ग्रुप फोटोत पैठण्यांवर स्वेटर आणि शाली. हजारोंची पैठणी आणि दिसतो तो मरून कार्डिगन! रिसेप्शन चारला ठेवलंत तर हे टळतं. पसरणीचा घाट चढून आलेल्या करवल्यांना पोचल्यावर तासभर विश्रांती द्या. मळमळणाऱ्या माणसाचं हसू कुठल्याही लेन्सने सुधारत नाही.

हवेची पारदर्शकता मात्र डोंगरात ऋतूवर फारच अवलंबून. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दरी तळापर्यंत दिसते. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त म्हणूनच डोंगरासाठी सर्वोत्तम. मार्चपासून धुरकट होत जातं, मेमध्ये मागच्या रांगा पुसल्यासारख्या होतात आणि दुपारी वळिवाची धास्ती. धरणांचंही तसंच: नोव्हेंबरात काठोकाठ पाणी, मेमध्ये काठापर्यंत भेगाळलेला चिखल. रिसॉर्टच्या वेबसाइटवरचा फोटो कुठल्या महिन्यातला आहे, ते विचारायला लाजू नका.

कोकण की गोवा

फोटोंपुरतं बोलायचं तर सकाळच्या साध्या, घरगुती लग्नाला कोकण आणि तीन दिवसांच्या सोहळ्याला गोवा. गोव्यातल्या मोठ्या रिसॉर्टना लग्नांची सवय आहे. मांडव कुठे, वीज कुठून, पाऊस आला तर कुठल्या हॉलमध्ये, हे त्यांच्याकडे ठरलेलं असतं. कोकणात ते सगळं तुम्हाला बघावं लागतं. कोकणातल्या एका ठिकाणी शेजारशेजारच्या दोन लॉनवर एकाच वेळी दोन लग्नं दिली होती. आमच्या व्हिडिओत 'शुभ मंगल सावधान'च्या मागे पलीकडचा डीजे आहे, आणि तो काढून टाकता येत नाही. त्या दिवशी तुमच्याशिवाय दुसरं कार्य नाही, हे करारात लिहून घ्या.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालापासून देशभर आहे. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देतं. तुमचं लग्न त्यात बसेल असं धरून चालू नका. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीचे. तिथे हंगामात दिवे आणि आवाज दोन्हींवर आणखी बंधनं, आणि हंगाम नेमका लग्नसराईत येतो. संगीताची रात्र जोरात करायची असेल तर ते किनारे सोडा.

ड्रोनबद्दल थोडक्यात. लग्नाचं शूटिंग हा व्यवसाय, त्यामुळे 250 ग्रॅमच्या वरचं ड्रोन उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळाच्या आसपास बंदी किंवा परवानगीची अट असते, आणि गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. दाबोळीला नौदलाचा तळही. तुमचं रिसॉर्ट कुठल्या झोनमध्ये येतं ते सरकारी नकाशावर आधीच दिसतं. 'बघू, तिथे गेल्यावर जमवू' म्हणणाऱ्या ड्रोनवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.

पाहुण्यांच्या प्रवासाचं मी एरवी बोलत नाही, पण त्याचा फोटोंशी संबंध आहे. वऱ्हाड उशिरा आलं की सर्वांत आधी कापला जातो तो जोडप्याच्या फोटोंचा अर्धा तास. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने तासाभरात गाडीसकट जाता येतं, अटल सेतूमुळे रस्त्यानेही अलिबाग जवळ आलंय. पुणेकरांना पवना-मुळशी सोयीचं. गोव्याला सगळे आदल्या दिवशीच पोचतात, म्हणून तिथे उशीर कमी होतो. मला गोव्याचं हे फार आवडतं.

आणि नाशिक

गोरज मुहूर्त असेल, लग्न डिसेंबर ते फेब्रुवारीत असेल आणि समुद्राचा हट्ट नसेल, तर गंगापूर धरणाच्या बाजूचे द्राक्षमळे बघा. हवा कोरडी, मोकळ्या माळावर पश्चिमेला कडा आड येत नाही, पानांतून तिरपं ऊन येतं, वाराही बेताचा. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, तोवर वेली भरलेल्या असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की उरतात काड्या आणि तारा, तेव्हा मळ्यात लग्न करण्यात काही अर्थ नाही. थंडी पाचगणीसारखीच, म्हणजे स्वेटरचा प्रश्न इथेही. आणि बागेत फोटो काढायचे असतील तर फवारणी कोणत्या दिवशी आहे ते मळेवाल्याला आधी विचारून ठेवा. फवारलेल्या ओळीत शालू नेसून शिरायचं नाही.