रात्री मेल वाजायचा बंद करायचाय? थंडरबर्ड, आउटलुक आणि फोनचा डीएनडी वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढं वाचा. अँड्रॉइडवर ऑफिसचा मेल रात्री गप्प ठेवायचा असेल तर थंडरबर्ड हे मेलचं ॲप घ्या, फुकट आहे, जाहिरात नाही, आणि त्यात क्वाएट टाइम म्हणून जी सोय आहे ती बरोबर ह्याच कामाची आहे. कंपनीचा मेल एक्स्चेंजवर (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर) असेल तर आउटलुक. आणि ज्यांना नवीन ॲप बिप काही टाकायचं नाही त्यांनी फोनचाच डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे डीएनडी, लावा, पण त्यातले अपवाद नीट भरल्याशिवाय लावू नका, आपल्या सांगली भागात तर नकोच, का ते पुढं येतंय.

माझं काम सांगतो म्हणजे त्रास कळेल. मी द्राक्ष एक्स्पोर्टच्या ऑफिसात कागदपत्रं बघतो, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला), बीएलचा (जहाज कंपनी देते त्या माल-पावतीचा) ड्राफ्ट, सगळं. जानेवारी ते एप्रिल मान वर करायला वेळ नसतो. माल जातो युरोपला, आणि हॉलंडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागं, म्हणजे तिकडचा माणूस संध्याकाळी पाचला टेबल आवरता आवरता 'ड्राफ्टमध्ये एवढं दुरुस्त करा' म्हणून मेल टाकतो आणि सायकल काढून घरी जातो, तेव्हा इथं साडेनऊ वाजलेले असतात आणि आपण जेवून हात धुतोय. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर पुढं सरकतं मग फरक साडेतीन तासांचा होतो, तेवढाच दिलासा, पण तोवर सीझन संपत आलेला असतो. माणसांचे मेल तरी ठीक, मशीनचे मेल जास्त छळतात. कंटेनर पोर्टात गेला, कंटेनर जहाजावर चढला, ट्रॅकिंगचा मेल रात्री अडीचला पण येणार. रात्री अडीचला डबा जहाजावर चढला हे कळून मी काय करू, उठून टाळ्या वाजवू का?

आता मुद्द्याची गोष्ट. ह्यात दोन वेगळी कामं आहेत आणि बरेच जण ती एकच समजतात. एक म्हणजे मेल येताना आवाज, व्हायब्रेशन, लाईट बंद करणं. दुसरं म्हणजे रात्री मेल फोनवर यायचाच बंद करणं, म्हणजे सिंकच बंद. झोपेसाठी बहुतेकांना पहिलंच पुरतं. दुसरं लागतं माझ्यासारख्याला, ज्याचा हात रात्री पाणी प्यायला उठला तरी फोनकडं जातो, आणि इनबॉक्समध्ये नवीन काही दिसलं की झालं, डोकं सुरू. मेल आलेलाच नसेल तर बघणार काय.

जीमेलच्या ॲपमध्ये ह्यातलं वेळेनुसार काहीच लावता येत नाही. अकाउंटनुसार सिंक चालू किंवा बंद एवढं आहे, आणि नोटिफिकेशनमध्ये सगळे, फक्त महत्त्वाचे, किंवा काहीच नको असे तीन पर्याय. लेबलनुसार पण नोटिफिकेशन लावता येतं, ते कामाचं आहे, ट्रॅकिंगचे सगळे मेल फिल्टर लावून एका लेबलात ढकला, इनबॉक्समधनं बाहेर काढा आणि त्या लेबलाला आवाजच ठेवू नका, निम्मा त्रास तिथंच संपतो. पण 'रात्री दहा ते सकाळी साडेसहा गप्प बस' असं त्याला सांगायची जागा नाही. रोज रात्री बटण बंद करायचं आणि सकाळी आठवणीनं चालू करायचं, हे कोण करणार राव.

थंडरबर्ड. हे पूर्वीचं के-नाईन मेल, जुन्या अँड्रॉइडवाल्यांना आठवत असेल, 2022 मध्ये ते थंडरबर्डवाल्यांकडं गेलं आणि 2024 च्या ऑक्टोबरअखेर थंडरबर्ड ह्या नावानं अँड्रॉइडवर आलं. देणगीवर चालतं. दिसायला साधं आहे, आईच्या भाषेत 'अळणी'. पण सेटिंग उघडलं की खजिना. जनरल सेटिंगमध्ये नोटिफिकेशन, तिथं क्वाएट टाइम, चालू करा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ टाका, बास. खाली अजून एक टिक आहे, त्या वेळात नोटिफिकेशन पूर्णच बंद ठेवायचं का म्हणून. ती टिक नाही केली तर फक्त आवाज आणि थरथर बंद होते पण वर पाकिटाचं चित्र दिसत राहतं. मी ती टिक केलेली आहे.

एक लक्षात घ्या, ही वेळ अख्ख्या थंडरबर्डला एकच आहे, अकाउंटनुसार वेगळी नाही. म्हणून मी काय केलं, ऑफिसचा मेल फक्त थंडरबर्डमध्ये आणि घरचा जीमेल त्याच्या जागेवर. घरच्या मेलवर रात्री येऊन येऊन येणार काय तर विमा आणि सेल, तो तसाही मुका ठेवलाय.

आता सिंक. प्रत्येक अकाउंटला किती वेळानं मेल तपासायचा ते ठरवता येतं, पंधरा मिनिटांपासून पार चोवीस तासांपर्यंत, किंवा हातानं. पुश पण आहे, म्हणजे सर्व्हरला फोन कायम चिकटून बसतो आणि मेल आला की लगेच दाखवतो. माझं मत विचाराल तर बीएलच्या कामाला पण पंधरा मिनिटं भरपूर झाली, पुश नको, ज्याला त्याहून घाई आहे तो फोन करतो. आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड सिंकला असा पर्याय आहे की फोनचं ऑटो सिंक चालू असेल तरच मेल आण. हा पर्याय लावला आणि मॅक्रोड्रॉइड ह्या ॲपमध्ये दोन मॅक्रो (ठरल्या वेळी फोननं आपोआप करायची कामं) केले, रात्री ठरल्या वेळी ऑटो सिंक बंद आणि सकाळी चालू, की मेल खरोखरच यायचा थांबतो. मॅक्रोड्रॉइड फुकटात पाच मॅक्रो देतं, जाहिराती दाखवतं, आपल्याला दोनच लागतात. हे जरा उपद्व्यापी लोकांसाठी आहे हे मान्य, पण एकदा बसवलं की परत हात लावायला लागत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ऑटो सिंक बंद म्हणजे कॅलेंडर, कॉन्टॅक्ट सगळ्याचंच सिंक त्या वेळात बंद.

तक्रार एकच, आणि ती ॲपची कमी, फोनची जास्त. बॅटरी वाचवायच्या नावाखाली काही फोन मागं चाललेलं सगळं मारून टाकतात, मग सकाळी सातला यायचा मेल ॲप उघडेपर्यंत येतच नाही. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन निर्बंध काढून टाका. तसंही अँड्रॉइड 6 पासून फोन नुसता पडून असला, स्क्रीन बंद असली आणि चार्जिंगला नसला की तो आपणहून झोपाळतो आणि सिंक पुढं ढकलतो. गंमत अशी की आपण सगळे रात्रीच चार्जिंगला लावतो, त्यामुळं ज्या वेळी त्यानं झोपावं त्याच वेळी तो टक्क जागा. आणि सिंक बंद केलं की बॅटरी दुप्पट चालते वगैरे जे सांगतात त्यांच्या नादी लागू नका, रात्रीच्या चार मेलनं काही बॅटरी संपत नाही.

आउटलुकबद्दल थोडक्यात, कारण मी ते कमी वापरतो, धाकटा भाऊ पुण्याच्या कंपनीचं काम घरनं करतो त्याच्या फोनात आहे. ह्यात शांततेच्या वेळा लावता येतात, शनिवार-रविवार पूर्ण बंद ठेवता येतो, मीटिंग चालू असताना गप्प राहा असं पण सांगता येतं, आणि अकाउंटनुसार वेगळं लावता येतं, इथं ते थंडरबर्डच्या पुढं आहे. पण मेल येत राहतो, फक्त सांगत नाही. फुकटच्या अकाउंटला इनबॉक्समध्ये जाहिराती येतात. अँड्रॉइडवरचं थंडरबर्ड आयमॅप आणि पॉप ह्या मेल आणायच्या पद्धतींवर चालतं, त्यामुळं एक्स्चेंजवाल्यांनी आउटलुकच घ्यावं.

आता फोनचा डीएनडी. (१९०९ ला मेसेज टाकून जो डीएनडी लागतो तो प्रमोशनच्या फोनचा, त्याचा इथं संबंध नाही, दुकानात विचारायला गेलं की पोरं तेच सांगतात म्हणून लिहिलं.) सेटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्ब, त्यात शेड्युल, वार निवडा, वेळ निवडा. अलार्म चालू ठेवा, नाहीतर सकाळी ऑफिसला उशीर. खरी करामत अपवादांत आहे. कॉन्टॅक्टमध्ये ज्यांना स्टार दिलाय त्यांचेच फोन वाजू द्या. आणि एक 'परत फोन करणारे' म्हणून पर्याय आहे, एकाच नंबरवरनं पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. आयफोनमध्ये हेच तीन मिनिटांचं आहे. हा पर्याय चालूच ठेवा, मध्यरात्री दवाखान्यातनं किंवा अनोळखी नंबरवरनं खरंच कुणी अडचणीत असलेला माणूस फोन करत असेल तर तो दुसऱ्यांदा करतोच.

मागच्या दिवाळीत गावी आमच्या आप्पांच्या फोनात हे लावून द्यायला बसलो. चुलते आहेत, दीड एकर ऊस, बाकी द्राक्ष. मी म्हटलं, 'आप्पा, रात्री दहानंतर सगळं बंद करू का?' तर म्हणाले, 'काय बी बंद कर, पन मोटारीचा फोन वाजला पायजे. निम्म्या रातीला लाईट यायची आन मी पडलोय घोरत, मग पानी काय तू पाजणार हाईस?' शेतीची लाईट रात्रपाळीची असली की विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर लाईट आल्यावर ह्यांना फोन करतो, मोटार ट्रिप झाली तरी करतो. तो नंबर त्यांच्याकडं सेव्हच नव्हता, शेवटचे चार आकडे बघून ओळखायचे. तो 'विहीर मोटार' म्हणून सेव्ह केला, स्टार दिला, काकूंच्या फोनवरनं नव्हे तर खरोखर विहिरीवर जाऊन स्टार्टर बंद-चालू करून बघितला. वाजला. मग कुठं आप्पांनी फोन खिशात घातला. तुमच्या घरात असा स्टार्टर असेल तर हे आधी करा, डीएनडी नंतर.

दुसरा अपवाद पावसाळ्याचा. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, म्हणजे महापुराचे दिवस, ज्यांनी नदीकडच्या गल्ल्यांत काढलाय त्यांना सांगायला नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि कोयना धरणातनं विसर्ग वाढवला की रात्रीतनं पाणी कुठं जाईल ह्याचा हिशोब सगळी गल्ली करत बसते. त्या दिवसांत डीएनडी लावून गाढ झोपणं काही खरं नाही. पण म्हणून व्हॉट्सॲपला अपवादात टाकू नका, पातळीचा एकच आकडा रात्रभर पन्नास ठिकाणनं फिरतो आणि त्यातला निम्मा कालचा असतो. त्यापेक्षा गल्लीतला जो एक माणूस जागा राहणार आहे, असतोच एक प्रत्येक गल्लीत, त्याला स्टार द्या आणि त्याला सांगून ठेवा की मेसेज टाकू नको, फोन कर. आमच्याकडं हीच पद्धत आहे.

आयफोनवाल्यांसाठी. स्लीप फोकस लावला की बहुतेक काम होतं, वेळ लावा, माणसं निवडा. मेलच्या फेच (ठराविक वेळानं मेल आणायच्या) सेटिंगमध्ये आपोआप असा पर्याय आहे, त्यात फोन चार्जिंगला आणि वायफायला असेल तेव्हाच आपणहून मेल आणतो, म्हणजे घरात वायफाय असेल तर नेमका रात्री. तो बदलून तासाला एकदा किंवा हातानं करा. जीमेल ॲपलच्या मेल ॲपमध्ये पुशनं येत नाही, फेचनंच येतो, त्यामुळं हातानं लावलं की तुम्ही उघडाल तेव्हाच मेल दिसणार. भावाच्या बायकोचा फोन असा लावून दिलाय, ती खूश आहे, तिच्या शाळेचे परिपत्रकाचे मेल आता ती सकाळी चहाच्या वेळी बघते.

आमच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, 'आणि अर्जंट असलं तर?' थंडरबर्डमध्ये फक्त ओळखीच्यांच्या मेलचंच नोटिफिकेशन दाखव असा पर्याय आहे पण तो क्वाएट टाइमच्या वर चालत नाही, आणि चालावा असं मला वाटत पण नाही. आम्ही मग मेलच्या खाली सहीतच एक ओळ टाकली, भारतीय वेळेप्रमाणे रात्री दहानंतर तातडीचं असेल तर फोन करावा, आणि नंबर. तो नंबर साहेबांचा आहे. हॉलंडवाल्यांनी एवढ्या सीझनमध्ये क्वचितच फोन केला, आणि केला तेव्हा खरंच कंटेनरच्या टेंपरेचरचा घोळ होता, म्हणजे फोन करण्यासारखंच होतं. साहेबांनी सहीतली ओळ तशीच ठेवलीय.

मार्क द्यायचे तर थंडरबर्डला पाचातले साडेचार, अकाउंटनुसार वेळ नाही म्हणून अर्धा कापला. आउटलुक साडेतीन. फोनचा डीएनडी अपवाद भरून चार, न भरता दीड. व्हॉट्सॲपला मात्र वेळ लावायची सोयच नाही, ग्रुप म्यूट करायचा तर आठ तास, आठवडा किंवा कायमचा. आमच्या बेदाणा मार्केटच्या ग्रुपवर पहाटे पावणेपाचपासून शुभ सकाळचे फुलांचे फोटो सुरू होतात, त्याला मी कायमचा पर्याय वापरलाय.